उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताय? या चुका टाळा

आधी माझीच गंमत सांगतो. घरच्या डेस्कटॉपला यूपीएस होता पण बॅटरी मेलेली, म्हणजे नव्हताच. उबुंटूचं (म्हणजे विंडोजसारखी, पण लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम) अपग्रेड लावलं, पॅकेजेस अर्धी बसली आणि लाईट गेली. आल्यावर चालू केलं तर नुसता काळा स्क्रीन, आणि मी वेड्यासारखा फॉरमॅट मारायला पेनड्राइव्ह शोधत बसलो. खरी चूक ती. अपग्रेड अर्धवट राहिलं म्हणजे सिस्टीम गेलीच असं नसतं हो.

चालू होताना एस्केप दाबून ग्रब मेनू (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची यादी) आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड घ्या, आधी 'नेटवर्क' निवडा (त्याने डिस्कवर लिहिताही येतं), मग रूट शेलमध्ये (पूर्ण अधिकाराने कमांड टाकायची जागा) 'डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' आणि त्यानंतर 'एपीटी डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल' (एपीटी म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं टूल). कमांड मी बोलतो तशा लिहितोय, टाकताना इंग्रजीत टाका. माझं मशीन एवढ्यावरच उठलं.

दुसरा घोळ बूट पार्टिशनचा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं वेगळं, छोटंसं पार्टिशन असतं आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा, अपडेटबरोबर नवा येतो) साचून ते भरतं, मग नवीन कर्नल बसायलाच जागा नाही. 'डीएफ डॅश एच' मारून आधी बघा आणि 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज' ने जुने काढा. काही शूर लोक तिथल्या फाइली हाताने उडवतात, एपीटीला मात्र तो कर्नल अजून आहेच असं वाटत राहतं आणि पुढचं प्रत्येक अपडेट रडतं. नका करू.

पायथॉनशी (प्रोग्रॅमिंगची भाषा) खेळलाय का? कुठल्यातरी टूलसाठी सिस्टीमचं 'पायथॉन३' दुसऱ्या व्हर्जनकडे वळवलेलं असेल तर ते आधी मूळच्या ३.१० वर आणा. अपग्रेड करणारा प्रोग्रॅम स्वतःच पायथॉनमध्ये आहे, तो तिथेच आपटतो. टर्मिनल (कमांड टाकायची खिडकी) उघडत नसेल तर पहिला संशय यावरच घ्या.

२०.०४ वाल्यांनो, थेट २४.०४ ला उडी मारता येत नाही, आधी २२.०४ आणि मग पुढे. पीपीए (उबुंटूबाहेरच्या लोकांनी दिलेले सॉफ्टवेअरचे साठे) तर अपग्रेडमध्ये आपोआप बंद होतात, नंतर एकेक तपासूनच चालू करा. आणि टाइमशिफ्ट (सिस्टीमचा बॅकअप घेणारं टूल) घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका, ते डीफॉल्टला होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइली घेतच नाही, फोटो-कागदपत्रं वेगळ्या हार्डडिस्कवर टाका.

सगळं नीट होऊनही काळा स्क्रीन आणि कार्ड एनव्हिडियाचं? ग्रबमध्ये 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. आत गेलात की 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल'.

हां, आणि २४.०४ वर पिपने (पायथॉनची पॅकेजेस टाकणारं टूल) काही टाकायला गेलात की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. काही बिघडलेलं नाही, व्हेन्व्ह (पायथॉनसाठी सिस्टीमपासून वेगळा कप्पा) बनवा आणि त्यात टाका.