मातीतलं रसायन आणि रोपांची टेस्ट: इकोटॉक्समध्ये येणाऱ्यांसाठी

बीएस्सी ॲग्री किंवा बॉटनीत एमएस्सी करून जीएलपी लॅबमध्ये (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे टेस्ट आणि नोंदींची ठरलेली शिस्त पाळणारी लॅब) येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात इकोटॉक्स, म्हणजे रसायनांचा सजीवांवर होणारा परिणाम तपासणं, हे मासे आणि डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) एवढंच असतं. रोपांचं काम वाट्याला आलं की ती हिरमुसतात. माझ्या मते शेतीची जाण असलेल्या माणसाचं कसब या टेस्टइतकं दुसरीकडे कुठेच कामी येत नाही.

कारखान्यातलं रसायन शेतात पोचतं कसं? एक मोठी वाट सांडपाण्याची. प्रक्रिया केंद्रातला गाळ खत म्हणून शेतात पसरला जातो आणि त्याला चिकटलेलं रसायन मातीत उतरतं. म्हणून युरोपच्या रीच या रसायनांवरच्या कायद्यात वर्षाला १०० टनांच्या वर गेलेल्या पदार्थासाठी वनस्पतींवरच्या परिणामाची माहिती लागू शकते. ही टेस्ट म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका क्र. २०८. रसायन मातीत मिसळायचं, बी पेरायचं, उगवण आणि वाढ बघायची. पानांवर फवारल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी २२७ वेगळी आहे.

पहिली लढाई बियाण्याची. दुकानातल्या बियाण्यावर बुरशीनाशकाचा, कधी कीटकनाशकाचाही, रंगीत लेप असतो. ते चालत नाही, बीजप्रक्रिया न केलेलं बी मिळवावं लागतं. मग माती. आपली काळी रेगड कितीही कसदार असली तरी इथे बसत नाही. तिच्यात चिकणमाती फार, ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. हलकी वाळूमिश्रित पोयट्याची माती हवी, सेंद्रिय कर्ब दीड टक्क्यापर्यंत, २ मिमीच्या चाळणीतून चाळलेली. कर्बाची अट उगाच नाही: बरीच रसायनं सेंद्रिय पदार्थाला धरून बसतात, मग मुळांपर्यंत कमी पोचतात आणि पदार्थ आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसतो.

पाण्यात न विरघळणारा पदार्थ ॲसिटोनमध्ये विरघळवून बारीक क्वार्ट्झ वाळूवर घेतात, ॲसिटोन उडू देतात आणि ती वाळू मातीत कालवतात. अशा वेळी नुसत्या ॲसिटोनची वाळू मिसळलेल्या कुंड्याही वेगळ्या ठेवायच्या. कालवणं एकसारखं झालं नाही तर पुढची सगळी आकडेमोड फुकट, म्हणून इथे घाई करू नका.

कंट्रोलमध्ये, म्हणजे रसायन न घातलेल्या कुंड्यांत, निदान ७० टक्के उगवण आणि उगवलेल्यांपैकी ९० टक्के रोपं जगलेली हवीत. तेवढी नसतील तर टेस्ट ग्राह्य नाही. कंट्रोलमधली निम्मी रोपं वर आली की त्या दिवसापासून १४ ते २१ दिवस मोजायचे. पाणी शक्यतो खालून द्या, वरून ओतलेल्या पाण्याबरोबर रसायन खाली वाहून जाऊ शकतं.

नवीन मुलं उगवणीवरच नजर लावून बसतात. पण बियाला स्वतःची शिदोरी असते. रसायन असलं तरी ते अनेकदा वर येतं आणि फटका नंतर वाढीला बसतो. म्हणून शेवटी कोंब मातीलगत कापून, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलतात. त्यातूनच वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, म्हणजे ईसी५०, काढतात. पदार्थ निरुपद्रवी वाटत असेल तर किलोभर कोरड्या मातीला १००० मिलिग्रॅम या एकाच मात्रेवरही टेस्ट होते.

नोंदी जिथल्या तिथे, त्याच वेळी, शाईने. चुकलं तर एकच रेघ, कारण, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये आणूही नका. हा कागदी सोपस्कार नाही. २०११ पासून भारतातल्या जीएलपी लॅबचा डेटा ओईसीडी देशांत स्वीकारला जातो, तो याच शिस्तीच्या जोरावर.

रुजू होण्याआधी घरी कांदा, मूग आणि ज्वारी ट्रेमध्ये पेरा आणि रोज, ठरावीक वेळी, दिसेल ते लिहा. पिवळेपणा, करपणं, पीळ पडणं यांतला फरक पुस्तकापेक्षा डोळ्यांनी लवकर कळतो. कांदा वाकलेल्या दोऱ्यासारखा वर येतो. तो उगवला असं नेमकं कधी धरायचं, हे आधी ठरवा आणि शेवटच्या कुंडीपर्यंत तेच माप लावा.