ग्रानादात खोली घेण्याआधी

स्पेनमधल्या ग्रानादात पहिलं काम खोलीचं नाहीच, अलहाम्ब्राच्या, म्हणजे तिथल्या मूरिश (मुस्लिम राजवटीच्या काळातल्या) किल्ला-महालाच्या, तिकिटाचं. ते प्रवाशाच्या नावावर निघतं, दारावर मूळ पासपोर्ट बघतात, आणि त्यातल्या नासरी महालांत शिरायची वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली की महाल हुकले. म्हणून मुक्कामाच्या रात्री त्या तारखेभोवती बसवा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो आणि तोवर तिकीट हाती असेलच असं नाही; तेव्हा फुकट रद्द होणारंच बुकिंग करा आणि रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

आता वस्ती. नकाशावर सगळंच दहा मिनिटांवर दिसतं. चढ मात्र दिसत नाही. आल्बाइसिन ही जुनी मूरिश वस्ती, १९९४ पासून जागतिक वारसा. सान निकोलासच्या कट्ट्यावरून संध्याकाळी तांबूस होत जाणारा अलहाम्ब्रा दिसतो, त्यामुळे तिथे राहायचा मोह होतोच. पण तिथल्या गल्ल्या बारीक गोट्यांनी जडवलेल्या, मधेच पायऱ्या. बॅगेची चाकं त्या गोट्यांत अडकतात, मग २० किलोची बॅग उचलूनच न्यायची. सी३१ आणि सी३२ या छोट्या बस वर जातात, पण गर्दीत मोठ्या बॅगेला जागा मिळणं कठीण. घरमालकाला दोनच प्रश्न विचारा: टॅक्सी दारापर्यंत येते का? येत नसेल, तर ती थांबते तिथून पुढे पायऱ्या किती? गोलमोल उत्तर आलं तर ते घर सोडा. साक्रोमोन्ते वस्तीतल्या गुहाघरांना उन्हाळ्यात गारवा छान, पण ती आणखी लांब.

गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील, तर कॅथेड्रलच्या आसपास सपाटीवर राहा. रेआलेहो ही जुनी ज्यू वस्ती मधला पर्याय आहे. तिथल्या कांपो देल प्रिन्सिपे चौकाच्या खालचा भाग सोपा, वरचा पुन्हा चढाचाच. प्लासा नुएवा चौकाजवळची जागा सोयीची खरी: अलहाम्ब्राचा पायी चढ, क्वेस्ता दे गोमेरेस, तिथूनच सुरू होतो. पण जवळच्या काये एल्विरा रस्त्यावर बारची वर्दळ रात्री उशिरापर्यंत असते.

जाहिरातीत 'असेन्सोर' शब्द शोधा. तो नसेल तर लिफ्ट नाही असं धरून चाला. जुन्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे बॅगेसकट तिसरा मजला. 'इंटेरिओर' खोलीची खिडकी आतल्या चौकात उघडते: अंधारी, पण शांत. हलकी झोप असणाऱ्यांनी तीच घ्यावी. 'आटिको' म्हणजे सगळ्यात वरचा मजला. जुलै-ऑगस्टमध्ये तो तापतो, एसी आहे का बघा. शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा 'कालेफाक्सिओन', म्हणजे हीटिंग, हवंच.

भाड्याच्या गाडीने येणार असाल तर जपून. जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्या टिपणारे कॅमेरे आहेत. हॉटेलने गाडीचा नंबर आधी कळवला नसेल तर दंडाची पावती येते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुकांनी रस्ते तासन्‌तास बंद असतात, दरही चढतात.

लहान घरगुती हॉटेलांत रात्रभर कुणी बसलेलं नसतं. पोहोचायची वेळ आधी कळवा, आणि किल्लीच्या पेटीचा कोड नेट नसतानाही वाचता येईल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.