सूपची खळ झाली तेव्हा

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 10 अंशांच्याही खाली उतरतो. अशाच एका संध्याकाळी गाजर, बीट, मुळा आणि तीन बटाटे कुकरला लावले, मग सगळं मिक्सरमधून काढलं. सूप कसलं, खळच ती! चमचा उचलला की तार सुटायची. वर गोडमिट्ट. सासूबाई म्हणाल्या, "याचा मांजा करायचाय का?"

घोळ बटाट्याचा होता. मिक्सरच्या पात्यांनी त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि चिकटा धरतो. ते सूप काही सुधारलं नाही. कणकेत मळून पराठे लाटले.

दुसऱ्या दिवशी बटाटा एकच घेतला, वेगळा उकडून पुरणयंत्रातून काढला. मुळ्याच्या फोडी आधी तुपात जिरं-लसणावर परतल्या, मग गाजर-बिटासोबत शिजवल्या; उग्र वास बराच कमी झाला. हे सगळं निवल्यावरच मिक्सरला लावलं. (गरम असताना वाफेनं झाकण उडतं. भिंतीवरचा बिटाचा डाग अजून आहे.) मग बटाटा मिसळून एक उकळी. गोडवा मोडायला मिरपूड, आणि गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू.

सोबत ज्वारीची कडक भाकरी चुरून. सासूबाईंनी दुसरी वाटी घेतली, "कढीच बरी" म्हणत म्हणत.