डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचा कोड आला? आधी या चुका टाळा

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बीएस-६ डिझेल गाडीच्या स्कॅनरवर त्याच्या प्रेशर सेन्सरचा पी २४५२ ते पी २४५६ यांपैकी कोणताही कोड दिसला की बऱ्याच गॅरेजांतून पहिला फोन जातो स्पेअर पार्टवाल्याला. सेन्सर मागवला, बसवला, कोड पुसला, गाडी दिली. चार दिवसांनी गाडी परत दारात, आणि गिऱ्हाईक तोंड फुगवून उभं.

कोड वाचून सेन्सर बदलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोड एवढंच सांगतो की सेन्सरकडून येणारा आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पटलेला नाही. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजतो आणि त्यासाठी फिल्टरपासून दोन नळ्या वर येतात. त्या नळ्यांत काजळी जाते, वाफेचं पाणी साचतं. सेन्सरच्या आधी नळी दगा देते, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून मुंबईला जाणाऱ्या एका पिकअपची गोष्ट घ्या. भरलेली गाडी उचलेना, दिवा लागलेला, कोड पी २४५३. एका ठिकाणी नवा सेन्सर बसला. कोड परत आला. मग रिजन (फिल्टर तापवून आतली काजळी जाळणं) मारलं, पुन्हा एकदा मारलं, आणि शेवटी ‘फिल्टरच काढून टाकू’पर्यंत गोष्ट गेली. तोवर लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे चालू आकडे, कोणी उघडलाच नव्हता. उघडल्यावर दिसलं, की इंजिन बंद करून चावी ऑन ठेवली तरी आकडा २५-३० मिलिबारवर रेंगाळतोय. सेन्सरवरून दोन्ही नळ्या उपसल्या आणि आकडा झटक्यात शून्यावर आला. म्हणजे सेन्सर ठणठणीत, दाब नळीत अडकलेला.

खाली फिल्टरला वेल्ड केलेली जी लोखंडी नळी असते, ती आतून काजळीने दगडासारखी घट्ट झाली होती. वरच्या रबरी नळीला झोळ पडला होता आणि त्यात काळं पाणी साचलं होतं. क्लच केबलची तार फिरवत फिरवत लोखंडी नळी मोकळी केली, नवी नळी टाकली, काम संपलं. काढून ठेवलेला जुना सेन्सर लावून पाहिला, तोही बरोबर दाखवत होता. त्याचे पैसे गेले ते गेले.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी चावी ऑन, इंजिन बंद, आणि आकडा बघा. शून्याच्या अगदी जवळ हवा. नसेल तर नळ्या उपसून पुन्हा बघा. तरीही शून्य येत नसेल, तेव्हा सेन्सर आणि वायरिंगवर संशय घ्या. शून्य बरोबर असेल तर गरम इंजिन आयडलला ठेवा: साफ फिल्टरवर आकडा साधारण १० मिलिबारच्या आतच राहतो. मग २५००-३००० आरपीएमला न्या. आकडा पायाबरोबर चढला आणि पायाबरोबर उतरला पाहिजे. उशिरा चढला तर नळी चोंदलेली. चढलाच नाही तर फिल्टरच्या आधीची नळी निसटलेली, फाटलेली किंवा पार बंद. वजा दाखवत खाली गेला तर दोन्ही नळ्या उलट्या लागल्यात. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात, ते सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आणि एकक बघून वाचा: १ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार. यावरून सुद्धा भांडणं झालेली आहेत.

कॉम्प्रेसरची हवा मारणं

घाईच्या पोरांचा लाडका शॉर्टकट. नळी सेन्सरला लागलेलीच आणि खालून हवा मारली, की आतला नाजूक पडदा गेला. कॉम्प्रेसरमध्ये ६-८ बार असतात, म्हणजे ६०००-८००० मिलिबार. सेन्सर आयुष्यभर मोजतो ते काहीशे मिलिबारच. हवा मारायचीच असेल तर नळी सेन्सरवरून आधी काढा, आणि हवा फिल्टरच्या दिशेने जाऊ द्या.

मिळेल ती नळी टाकणं

पेट्रोलची पाइप चालत नाही. फिल्टरजवळच्या उष्णतेने ती वितळते किंवा चिकटून बंद होते. उष्णता सोसणारी, त्याच मापाची नळी घ्या आणि सेन्सरपासून फिल्टरकडे सलग उतार ठेवा, म्हणजे पाणी परत खाली जाईल. झोळ ठेवलात तर तेच दुखणं पुन्हा.

वायरिंग न तपासणं

कनेक्टर काढा, चावी ऑन करा, सप्लाय आणि अर्थमध्ये ५ व्होल्ट मोजा. कनेक्टर परत लावून नळ्या काढलेल्या असताना सिग्नल बहुतेक सेन्सरवर ०.५ व्होल्टच्या आसपास असतो, काहींवर १ पर्यंत. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांच्या पिना हिरव्या पडतात, आणि द्राक्षबागेत उभ्या गाडीच्या वायरी उंदीर सोडत नाहीत. वायरला सुई टोचून मोजू नका, तिथूनच पाणी शिरतं.

कारण न शोधता रिजन मारणं

आकडाच खोटा असेल तर रिजन कशासाठी? वारंवार रिजनने डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास, तर आधी ऑइल बदला. रिजनच्या वेळी फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान जातं, तेव्हा गाडीखाली पाचट किंवा छाटणीच्या काड्या नकोत. आणि राख रिजनने जळत नाही, जळते ती काजळी.

नवा सेन्सर खरोखरच लागला, तर स्कॅनरमधून शून्य शिकवायला विसरू नका. बऱ्याच गाड्यांत जुना ऑफसेट, म्हणजे जुन्या सेन्सरच्या शून्यातला फरक, ईसीयूत तसाच राहतो.

फिल्टर कापून काढण्याबद्दल: बेकायदा आहे, आणि नळी साफ करण्याचा आळस म्हणून कोणी हजारोंचा भाग फेकत असेल तर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

काम झाल्यावर नुसती नाशिकच्या द्वारका सर्कलला चक्कर मारून गाडी देऊ नका. सिन्नरपर्यंत हायवेला न्या, परत आल्यावर इंजिन बंद करून शून्य पुन्हा बघा, आणि शून्य, आयडल व २५०० आरपीएमचे तिन्ही आकडे जॉबकार्डवर लिहा.