फटाक्यांची भीती: मोतीसाठी काय केलं

फटाके सुरू झाले की आमचा कुत्रा मोती सारखे ओठ चाटायचा, झोप नसताना जांभया द्यायचा आणि शेपूट पोटाखाली घेऊन पलंगाखाली शिरायचा. ही सगळी ताणाची लक्षणं.

गणपती झाल्यावर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावायला लागलो, सोबत उकडलेल्या चिकनचे तुकडे. त्याचं लक्ष खाण्यावरच राहिलं तर आवाज किंचित वाढवायचा, धापा टाकू लागला की लगेच कमी. घाई केली की सगळं मुसळ केरात!

दिवाळीत फेरी उजेडातच उरकली. आतल्या खोलीत जाड पडदे, पंखा जोरात, टीव्ही चालू. जवळ आला तर खुशाल थोपटायचं. थोपटल्याने भीती वाढत नाही. यंदा बाहेर सुतळी बॉम्ब वाजत असताना पठ्ठ्याने दहीभाताची वाटी साफ केली. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नका, आधी पशुवैद्यांना विचारा.