तूर निघाल्यावर, लेकरासह जहाजावर : तयारीची यादी

जहाजाचं तिकीट काढायच्या आधी लेकराचं वय महिन्यांत मोजा. बहुतेक क्रूझ कंपन्या ६ महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, आणि सलग काही दिवस किनारा दिसणार नाही अशी लांबची फेरी असेल तर १२ महिने पूर्ण लागतात. वय मोजतात ते जहाज सुटायच्या दिवशीचं. माझं विचाराल तर आठ-दहा महिन्यांचं, वरचं खायला लागलेलं पण अजून धावत न सुटलेलं लेकरू सगळ्यात सोपं. दीड वर्षाचं पोट्टं असेल तर नवरा-बायकोने पाळीपाळीने त्याच्या मागे पळायची तयारी ठेवा, आराम वगैरे विसरा.

मग महिना ठरवा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. दिवाळीच्या आगेमागे आपल्या विदर्भात सोयाबीन असतं, नंतर कापसाची वेचणी, आणि जानेवारीत तूर. तूर घरात आली की फेब्रुवारीत जरा श्वास घेता येतो, लग्नसराई आणि ऊन दोन्ही तापायचे असतात, समुद्रही बऱ्यापैकी शांत असतो. नोकरीवाले दिवाळीच्या सुट्टीत जातात, तेव्हा भाडंही चढलेलं असतं आणि गर्दीही. शेतकऱ्याच्या घराला फेब्रुवारीच बरी.

बुकिंग करताना बाळाचं नाव घाला. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला सवय एसटीची आणि रेल्वेची, पाच वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर घेतलं की झालं. जहाजावर तसं चालत नाही. संकटात माणसं ज्या लाइफबोटींत बसवायची, त्यांतली जागा माणशी मोजलेली असते आणि तान्हं बाळही त्यात एक माणूस धरलं जातं. त्यामुळे खोलीत तीनच माणसांची परवानगी असेल तर आई, बाबा, आजी झाल्यावर बाळाला जागा उरत नाही. आजीला न्यायचं असेल तर चौघांची खोली आधीच मागा. बाळाचा पाळणा लागणार असेल तर तोही बुकिंगच्या वेळीच सांगायचा. पाळणे मोजकेच असतात, ऐनवेळी मागितले तर मिळतीलच असं नाही.

कागदपत्रांवर सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा दोन महिने आधी हात घाला. गोवा किंवा लक्षद्वीपसाठी पासपोर्ट लागत नाही, पण बाळाचं ओळखपत्र लागतं. म्हणजे निळं बाल आधार, आणि ते काढायला जन्म प्रमाणपत्र. घोळ इथेच होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जन्माची नोंद माहेरच्या तालुक्यातल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, आणि आपण सासरच्या ग्रामपंचायतीत फेऱ्या मारतो. जिथे जन्म झाला तिथेच नोंद असते, दवाखाना ज्या हद्दीत त्या हद्दीत. शिवाय नोंद करताना बारसं झालेलं नसतं, म्हणून प्रमाणपत्रावर बाळाचं नावच नसतं. ते नंतर घालून घ्यावं लागतं. वर्षाच्या आत गेलात तर त्याचे पैसे लागत नाहीत. सिंगापूरसारख्या परदेशी फेरीचा विचार असेल तर बाळाचा स्वतःचा पासपोर्ट हवाच, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच चालतं, दुसरं काही नाही. तिकिटावर, आधारवर आणि प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे एका जागी बसून तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कंपनी काढून देते की आपण काढायचा, हे आधीच विचारून घ्या.

लसीकरणाचं कार्ड घेऊन एकदा आशाताईंकडे जा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर असतो. राहिला असेल तर निघायच्या बऱ्याच आधी घ्या, आदल्या दिवशी नको, कारण लसीनंतर ताप आला तर तो प्रवासात येईल. त्याच फेरीत अंगणवाडीत बाळाचं ताजं वजन करून घ्या. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. ते वजन सांगून डॉक्टरांकडून तापाचं औषध किती मिली, किती तासांनी, हे कागदावर लिहून आणा आणि कागदाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बाकी औषधांत थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, झिंक, नाक मोकळं करायचे मिठाच्या पाण्याचे थेंब आणि ढुंगण लाल झालं तर लावायचं मलम एवढं पुरे. जहाजावर दवाखाना, डॉक्टर, नर्स असतात, पण बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही आणि तिथे तपासणीचे पैसे वेगळे पडतात. प्रवास विमा काढताना बाळाचं नाव त्यात आहे का ते बघा.

समुद्र लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना तो सहसा लागत नाही. त्यापुढच्या मुलांना आणि आईला लागतो. मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका. यातली काही औषधं दोन वर्षांच्या आत देणं धोक्याचं आहे. खोली घेताना जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात आणि भाडंही कमी असतं. खिडकी नसलेली आतली खोली मला तर लेकरासाठी चांगली वाटते. दिवा मालवला की मिट्ट काळोख, दुपारची झोप मस्त लागते. एक छोटा नाइट लॅम्प तेवढा न्या, नाहीतर रात्री दूध पाजताना काहीच दिसत नाही.

आता मुंबई गाठणं. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने अगदी जवळ. कागदावर छान बसतं, पण जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच सकाळी पोचायचा बेत करू नका. गाडी चार तास लेट झाली तर गाडीला कोणी विचारत नाही, जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही. एक दिवस आधी जा, लॉजवर राहा, लेकराची झोप पूर्ण होऊ द्या. गावाहून बडनेरा स्टेशनापर्यंत जीप, मग गाडी, मग मुंबईची गर्दी, यात लेकरू जेवढं दमतं तेवढं जहाजावर दमत नाही.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा जमा कराव्या लागतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला कित्येकदा संध्याकाळ होते. खोलीही लगेच मिळत नाही. म्हणून हातातली बॅग अशी भरा की मोठी बॅग आलीच नाही तरी रात्र निघेल: सहा डायपर, ओले वाइप्स, कपड्यांचे दोन जोड, आईसाठी एक जास्तीचा कुडता (ओकारी आपल्याच अंगावर होते), दुधाची सोय, चमचा-वाटी, औषधाची पिशवी, सगळे कागद, टोपडं आणि दुपट्टा. दुपट्टा एकच पण मोठा सुती घ्या. तो अंथरूण होतो, पांघरूण होतो, पाजताना आडोसा होतो, उन्हात सावली होते.

डायपरच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. तान्ह्याला दिवसाला आठ-दहा, वर्षाच्या वरच्याला पाच-सहा, त्यावर दोन दिवसांचे जास्तीचे. जहाजावरच्या दुकानात परफ्यूम मिळेल, चॉकलेट मिळेल, डायपर मिळतील याचा भरवसा नाही. घरची बाई म्हणेल, लंगोट ने, धुऊन वाळवता येतात. आपल्या अंगणात लंगोट तारेवर टाकला की चहा होईस्तोवर कडक होतो, पण समुद्रावरची हवा दमट, न्हाणीघर बोटभर, आणि बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला बंदी. दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि खोलीला वास येतो.

खाण्याचं बघा. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे आजीने प्रेमाने भरलेला डबा टर्मिनलवरच राहील. बंद पाकिटातलं बाळाचं खाणं आणि दुधाची पावडर चालते, तरी कंपनीला आधी विचारा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, शेगडी आगीच्या भीतीने जप्त होतात, आणि बऱ्याच जहाजांवर एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा. म्हणून चांगला थर्मास न्या आणि जेवणघरातून उकळतं पाणी भरून घ्या. पावडरचं दूध करताना पाणी निदान ७० अंश गरम हवं, मग ते पाजण्याइतकं निववायचं. कोमट पाण्यात पावडर कालवणं बरोबर नाही, पावडरीतले जंतू त्याने मरत नाहीत. जेवणघरात वरण-भात, दही, केळं, उकडलेला बटाटा बहुतेकदा असतोच. वाढणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, बाळासाठी बिनतिखटाचं वरण बाजूला काढून ठेवा भाऊ. बिनधास्त सांगा. आपली माणसं हॉटेलात मागायला लाजतात, मग लेकरू उपाशी राहतं. घुट्टीत किंवा दुधात मध घालायची सवय असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो घरीही नको आणि जहाजावर तर नकोच.

खोलीत शिरल्यावर सामान लावायच्या आधी गुडघ्यावर बसून लेकराच्या उंचीने एकदा सगळीकडे नजर फिरवा. दारं लोखंडी आणि जड असतात, आपोआप धाडकन मिटतात, बोटं तिथेच सापडतात. न्हाणीघराला उंच उंबरठा असतो, नुकतं चालायला शिकलेलं पोट्टं त्याला हमखास अडखळतं. बाल्कनी असेल तर खुर्ची कठड्यापासून लांब ओढून ठेवा आणि दाराची कडी नेहमी वरची लावा. झोक्याची सवय असलेल्या लेकराचे पहिल्या रात्री हाल होतात, कारण गावच्या घरात आड्याला लुगड्याची झोळी बांधतो तसं बांधायला तिथे काही नाही. आधी आठवडाभर घरीच बाजेवर झोपवायची सवय लावा. भिंती मात्र लोखंडाच्या असल्याने चुंबकाचे हुक छान चिकटतात. टॉवेल, टोपडी, पिशव्या अडकवायला चार हुक न्या. झोळी बांधायला नाही, हे आपल्याकडच्या जुगाडू बाबांसाठी सांगते. आंघोळीचंही तसंच. पाय पसरून पायावर घेऊन न्हाऊ घालायला न्हाणीघरात जागाच नसते. हवा भरायचा छोटा टब न्या, नाहीतर ओल्या फडक्याने अंग पुसा, चार दिवसांत काही बिघडत नाही.

जहाज सुटायच्या सुमारास सुरक्षेची कवायत होते आणि ती सगळ्यांना सक्तीची असते. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाले. लेकरू झोपलंय म्हणून टाळू नका, तसंच खांद्यावर टाकून न्या. २४ तासांहून मोठ्या प्रवासात जहाजावर प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं लाइफ जॅकेट असायला हवं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. खोलीत मोठ्यांचीच दिसली तर पहिल्याच तासात बाळाचं मागून घ्या आणि एकदा घालून बघा.

पोहण्याच्या तलावाची स्वप्नं लेकराला आधीपासून दाखवू नका. डायपर घालणाऱ्या मुलांना, पोहायचा डायपर असला तरी, बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत. मुलं सांभाळायच्या खोल्याही सहसा तीन वर्षांच्या पुढच्या आणि डायपर सुटलेल्यांसाठी असतात. उन्हाचं आपल्याला काय, पंचेचाळीस अंश बघितलेली माणसं आपण, पण पाण्यावरून उलटून येणारं ऊन वेगळं असतं, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने घामोळ्या फार येतात. सुती, सैल, बाह्यांचे कपडे न्या. आत एसीचा गारठा असतो, कुलरच्या सवयीचं लेकरू तिथे शिंकायला लागतं, तेव्हा मोजे आणि एक जाडसर अंगडंही असू द्या. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या विषाणूवर हाताला चोळायचं सॅनिटायझर फारसं काम करत नाही.

लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या नावेत उतरून जावं लागतं. नाव हलत असते, हात मोकळे हवेत. ढकलगाडी खोलीतच ठेवा आणि बाळाला छातीशी बांधायची पिशवी वापरा. नावेत उतरताना पिशवीवर लाइफ जॅकेट कसं बसवायचं ते तिथल्या माणसाला विचारा. समुद्र उसळलेला दिसला तर त्या दिवशी खुशाल जहाजावरच राहा, पैसे गेले तर गेले.

निघायच्या आधी घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. किनारा सुटला की रेंज जाते, आणि मोबाइल उघडा राहिला तर जहाजावरचं नेटवर्क पकडून भलतंच बिल येऊ शकतं, म्हणून तो विमान मोडवर टाका. हे सांगितलं नाही तर "काहून फोन लागून नाही रायला" म्हणत आजी अख्ख्या गल्लीला गोळा करेल.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट टर्मिनलवरच हाती येतात. बाळाचे सकाळचे कपडे, चार डायपर आणि औषधाची पिशवी त्यात चुकून भरू नका. सकाळी उतरल्यावर परतीची गाडी संध्याकाळी असते, तोपर्यंत लेकरू घेऊन मुंबईत फिरत बसण्यापेक्षा सीएसएमटीजवळ दिवसभराची खोली जातानाच ठरवून ठेवा, आणि गाडीत खालचा बर्थ घ्या.