लाँचवर खलाशी म्हणून जाताय? आधी युनियनची पावती फाडा

आमच्या चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यातल्या कृष्णाकाठच्या पोरांना पाण्याची भीती नसते, कल्लोळ-यडूरचा बंधारा दरवर्षी पाण्याखाली जाताना बघतच मोठे झालेलो असतो, त्यामुळं लाँचवरचं काम हाताला लवकर बसतं. गोवा जवळ म्हणून बरेच जण आधी तिकडच्या फेरीबोटीचं विचारतात, खरं ती सरकारी नदी परिवहन खात्याची, आणि गोव्यात सरकारी नोकरीला 15 वर्षं राहिल्याचा दाखला आणि कोकणी लागते. म्हणून मी मुंबईला गेटवेला लागलो.

दोरखंड बांधणं, फळी टाकणं, माणसं हात धरून उतरवणं, सुरुवात यातनंच होते. पुढं सारंग, म्हणजे बोट चालवणारा, नाहीतर इंजिन ड्रायव्हर व्हायचं तर परीक्षा आहे आणि तिला पाण्यावरच्या नोकरीचा लेखी दाखला लागतो. हाच दाखला मालक लोक द्यायला टाळतात बघा. माझ्या आधीच्या मालकानं तर कित्येक महिने उद्या ये, परवा ये केलं, शेवटी युनियनचे लोक जाऊन बसले तेव्हा कुठं सही झाली. एकट्या खलाशाला कोण विचारतंय?

खरा प्रश्न पावसाळ्याचा. मेच्या शेवटाला अलिबागजवळच्या मांडव्याच्या लाँच बंद होतात ते गणपतीच्या आसपास चालू, तेवढे महिने बऱ्याच जणांना पगारच नाही, गावाकडं येऊन ऊसाच्या भांगलणीला जायचं. निदान निम्मा पगार द्या म्हणून आम्ही मागतोय आणि ती मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते. त्यात 2020 पासून गाड्यासुद्धा नेणारी रो-रो बोट आली, 2024 ला अटल सेतू झाला, अलिबागची गिऱ्हाईकं वाटली गेली आणि मालक पहिली कात्री खलाशाच्या पगाराला लावतो.

डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाला चाललेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली. तेव्हापासून लाईफ जॅकेट सक्तीचं. प्रवासी घालत नाही, भांडतो, आणि बोलणी खातो खलाशी. तुम्ही मात्र जॅकेटशिवाय कुणाला घेऊ नका, सारंग घाई करू दे.

जिथं युनियन नसेल तिथं 7 जण मिळून नोंदणीचा अर्ज करता येतो. आणि जाण्याआधी असंघटित कामगारांचं सरकारी ई-श्रम कार्ड काढून घ्या, फुकट आहे, आधारवर पत्ता कर्नाटकातला असला तरी ते देशभर चालतं.